जागेवर आढळले नाही

नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्यांच्या रांगेत यंदाही हुरड्याचा फ्लेक्स लागला आहे. त्यावर फेटा बांधलेला एक गोरापान शेतकरी हसतो आहे. त्यानं जन्मात कधी कणीस मोडलेलं नाही हे त्याच्या नखांवरूनच कळतं. बाजूला बैलगाडी, झोका, लाल माठ. आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'अस्सल गावरान अनुभव, सर्व सोयींसह.' बँकेत जाताना मी रोज त्याच्यासमोरून जाते आणि रोज माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, तुला काय करायचंय, आपण थोडेच पैसे मोजून हुरडा खायला जाणार आहोत? त्याचं बरोबर आहे. पण 'सर्व सोयींसह' हे शब्द वाचले की मला आमच्या गावचा एक हिवाळा आठवतो, आणि तो आठवला की मला गप्प बसवत नाही.

हुरडा हा मुळात घाईचा पाहुणा. ज्वारीच्या दाण्यात दूध भरलं की तो येतो आणि दाणा टणक झाला की निघून जातो. तेवढ्या दिवसांत शेतात एक आगटी पेटलेली असते. जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, निखाऱ्यात खुपसलेली कणसं. पाठीला थंडी वाजत असते आणि तोंड भाजत असतं. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि हिरवे मऊ दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. चोळणाऱ्याचे हात लालबुंद होतात. आमच्याकडे चोळायचं काम बायांकडे असायचं आणि खायचं काम पाहुण्यांकडे. मी लहानपणी यावर भांडलेली आहे. आई म्हणायची, हात भाजल्याशिवाय गोडी कळत नसते. मी म्हणायचे, मग पाहुण्यांना कशी कळते?

आमचं गाव तळेगव्हाण. भोकरदनहून निघालेली एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढं पायी. थंडीच्या दिवसांत हवा स्वच्छ असली की उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ दिसते. गावात सांगण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे बारव. काळ्या दगडाची, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली जुनी विहीर. भिंतींत कोनाडे आहेत, काही कोनाड्यांत देव आहेत आणि काहींत कबुतरं. कुणी बांधली ते गावात कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळं प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट आहे. तिच्या डाव्या अंगाच्या पायऱ्या खिळखिळ्या झालेल्या. आमच्या पायांना ते माहीत होतं, डोळे मिटूनही आम्ही त्या बाजूला गेलो नसतो.

ज्या हिवाळ्याबद्दल मी बोलते आहे तो नव्वदीच्या दशकातला. मी पदवी घेऊन घरी बसले होते. घरचे स्थळं बघत होते आणि मी नोकरीच्या जाहिराती बघत होते. सरपंचपद बायांसाठी राखीव झालं होतं आणि माझी काकू, कौसाबाई, सरपंच झाली होती. तिला उभं करणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. बाई गरीब आहे, सातवी शिकलेली आहे, सही करील, पदर सांभाळून खुर्चीच्या कडेला बसेल, कारभार उपसरपंच रंगनाथराव बघतील. काकूचं आणि रंगनाथरावांचं गावनातं दीर-भावजयीचं. ते तिला वहिनी म्हणत आणि ती त्यांना भाऊजी. पहिले काही महिने लोक कागद घेऊन माझ्या काकांकडे यायचे. काका बैलांना वैरण टाकता टाकता म्हणायचे, "मला काय इचारता, सरपंच ती हाय. तिला इचारा." काकांसारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी आयुष्यात एकही भाषण केलं नाही आणि एकदाही बायकोच्या आड आले नाहीत.

काकूला त्या खुर्चीवर बसून एकच काम करायचं होतं. तिला गावातल्या बायांसाठी संडास बांधून हवे होते. यात हसण्यासारखं काही नाही, आणि ज्यांना हसू येतं त्यांच्या घरात संडास असतो. आमच्या गावात तेव्हा एकाही घरात नव्हता. बाया उजाडायच्या आत टमरेल घेऊन रस्त्याच्या कडेच्या बाभळीत जात. दिवसा पोटात कळ आली तर दात आवळून संध्याकाळची वाट बघत. बाळंतीण असो, म्हातारी असो, सगळ्यांना तोच रस्ता. फाट्याकडून एखादी जीप आली आणि दिव्यांचा उजेड पडला की रांगेनं बसलेल्या बाया झटकन उभ्या राहायच्या. जीप गेली की पुन्हा बसायच्या. मी कॉलेजात शिकलेली मुलगी, मीही उभी राहायचे. त्या उजेडाची लाज मला अजून वाटते, आणि लाज आम्हाला का वाटावी याचा रागही अजून येतो.

तर त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक टेम्पो आला, दोन माणसांनी बारवेपाशी खड्डे खणले आणि एक मोठा निळा फलक उभा केला. जिल्ह्यात पर्यटन वाढवायचं वरून ठरलं होतं. अजिंठ्याला जाणाऱ्या माणसांनी वाट थोडी वाकडी करून आमच्याकडेही यावं, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. फलकाबरोबर एक गुळगुळीत माहितीपत्रकही निघालं होतं. त्यात बारवेचा रंगीत फोटो होता. फोटो आमच्याच बारवेचा, फक्त पडकी बाजू फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं राहिली होती.

काकूनं मला बोलावून घेतलं. चष्म्याशिवाय तिला लांबचं वाचता येत नसे आणि चष्मा ती कुठंतरी ठेवून विसरत असे. मी मोठ्यानं वाचलं. ऐतिहासिक बारव. विकासकामे पूर्ण. पायऱ्यांची दुरुस्ती, पिण्याचे पाणी, वाहनतळ, महिलांसाठी स्वच्छतागृह.

"शेवटचं पुन्हा वाच बरं, सुमे."

"महिलांसाठी स्वच्छतागृह."

"आपल्या गावात?"

"तसंच लिहिलंय."

काकूनं फलकाचा खांब हलवून बघितला. मग म्हणाली, "मंग आपुन रोज सकाळी उगाच बाभळीत जाऊन राह्यलो म्हण."

त्या वेळी आम्ही दोघी हसलो. हसू विरलं ते काकू पंचायत समितीत जाऊन आली तेव्हा. तिथं एका टेबलावरच्या साहेबांनी तिला समजावून सांगितलं की तळेगव्हाणला महिलांचं एक स्वच्छतागृह झालेलं आहे, कागदावर काम पूर्ण आहे, त्यामुळं दुसरं मंजूर होणार नाही. काकू म्हणाली, "पहिलं दाखवा, मी दुसरं मागत न्हाई." साहेबांनी दुसऱ्या माणसाशी बोलायला सुरुवात केली. म्हणजे मेख अशी होती. नसलेला संडास तिथं नुसता नसून राहिला असता तर चाललं असतं, पण तो खऱ्या संडासाच्या आड आला होता. जोपर्यंत सरकार स्वतःच्या हातानं 'ते तिथं नाही' असं लिहून देत नाही, तोपर्यंत गावातल्या एकाही बाईला दाराआड बसायला मिळणार नव्हतं.

लोक मला म्हणतात, सरकारी कागद थोडा फुगवून लिहिलेलाच असतो, तू कशाला एवढी तावातावानं बोलतेस. पाहुणा आला की आपणही फाटकी गोधडी खाली घालतो आणि चांगली वर घालतो. मला ते मान्य आहे. मी स्वतः घालते. पण घरात गोधडीच नसताना पाहुण्याला 'गोधडी आहे' असं सांगून जमिनीवर झोपवणं, आणि पोरं थंडीनं कुडकुडत असताना त्यांनाही तेच सांगणं, याला पाहुणचार म्हणत नाहीत.

आणि पाहुणे खरंच येऊ लागले. माहितीपत्रक वाचून आलेली शहरातली कुटुंबं, शाळेच्या सहलीच्या मास्तरीणबाई, एकदा तर पार नागपूरकडची मंडळी. बारव बघून खूश व्हायची. मग त्यांच्यातली एखादी बाई हळूच आमच्या ओट्यापाशी यायची आणि खालच्या आवाजात विचारायची. आम्ही बाभळीकडे बोट दाखवायचो. तिचा चेहरा पडायचा. ती पुन्हा फलकाकडे बघायची, मग आमच्याकडे, आणि तिच्या नजरेत असं असायचं की त्या स्वच्छतागृहाला आम्हीच कुठंतरी कुलूप लावून ठेवलंय. हे फार लागायचं. खोटं लिहिणारा औरंगाबादेत की मुंबईत कुठंतरी चहा पीत होता आणि तोंड चुकवायची वेळ आमच्यावर येत होती. एका मास्तरीणबाईंचा पाय डाव्या पायरीवरून सरकला आणि घोटा सुजला. काकूनं त्यांच्या घोट्याला हळद-चुना लावला. त्याच दिवशी तिनं घरातलं जुनं पत्र्याचं दार बाहेर काढलं आणि मला म्हणाली, "रंग आण. आपुन बी फलक लावू."

माझं अक्षर बरं होतं. काकू सांगत गेली आणि मी लिहीत गेले. तो मजकूर मला अजून पाठ आहे. बारव बघायला आलेल्या पाहुण्यांना रामराम. बारव जुनी आहे, चांगली आहे, सावकाश बघा. डाव्या हाताच्या पायऱ्या ढिल्या आहेत, उजव्या हातानं उतरा. पाणी शेजारच्या घरी मागा, मिळेल. शेजारच्या फलकावर लिहिलेलं स्वच्छतागृह गावात नाही. आमच्या बायांनाही नाही. पौषात आलात तर हुरडा खाऊन जा. सरपंच, तळेगव्हाण.

मी मध्येच विचारलं होतं, 'उपलब्ध नाही' असं लिहू का, बरं दिसेल. काकू म्हणाली, "उपलब्ध अन् फिपलब्ध. न्हाई ते न्हाई. तसंच लिव्ह."

निळ्या फलकाच्या शेजारी आमचं पत्र्याचं दार उभं राहिलं आणि गंमत झाली. लोक निळा फलक ओझरता वाचायचे आणि दारापाशी थांबायचे. वाचून हसायचे, एकमेकांना दाखवायचे. उजव्या हातानं उतरायचे. वर आले की विचारायचे, हुरडा कुठं मिळतो? काकूच्या शेतात आगटी पेटलेलीच असायची. त्या पौषात आमच्या शेतात जेवढी अनोळखी माणसं बसली तेवढी आमच्या सगळ्या लग्नांत मिळून बसली नसतील. मी एका औरंगाबादच्या बाईंना कणीस चोळायला शिकवलं. त्यांचे हात भाजले आणि त्या हसत सुटल्या. जाताना म्हणाल्या, तुमच्या गावात काय नाही ते तुम्ही आधीच सांगितलं, त्यामुळं जे आहे त्यावर विश्वास बसला. पुढं बँकेत ग्राहकांशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण आम्हाला दिलं गेलं, पण त्या बाईंच्या एका वाक्यापुढं मला ते फिकंच वाटलं.

पण खरं बोलण्याचा खर्च कुणाला तरी द्यावा लागतोच. एका सकाळी रंगनाथराव ओट्यावर येऊन बसले. त्यांच्याबरोबर मोटारसायकलवरून पंचायत समितीचे तेच साहेब. मी चहा केला. मला तो त्यांना द्यायची मुळीच इच्छा नव्हती, पण दारी आलेल्याला चहा द्यायचा असतो.

"वहिनी, गावाची इज्जत चव्हाट्यावर आणली तुम्ही," रंगनाथराव म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची असती."

"मुठीत कायी असंल तर झाका की, भाऊजी."

"लोक काय म्हणतील? तळेगव्हाणच्या बाया उघड्यावर बसत्यात, हे काय पाटीवर लिहायचं असतंय?"

काकूचा आवाज चढला नाही. "इज्जत रोज सकाळी रस्त्याच्या कडंला बसून राह्यली, भाऊजी. जीप आली की उभी राहती. तुमच्या घरची बी असती त्यात. तवा कुणाला दिसली न्हाई."

रंगनाथरावांनी चहाचा कप खाली आदळला. साहेब मात्र शांत होते. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की सव्वीस जानेवारीला जिल्ह्याहून काही पाहुणे बारव बघायला येणार आहेत, त्याआधी हे पत्र्याचं दार उतरवा. उतरवलंत तर पुढच्या वर्षी काहीतरी दुसऱ्या नावाखाली बसवून देऊ. नाही उतरवलं तर सदस्य नाराज आहेत. रंगनाथरावांनी पुढचं सांगून टाकलं. सदस्य त्यांच्या बाजूला होते, अविश्वास ठराव तयार होता, फक्त सह्या करून तहसीलला द्यायचा होता.

ते गेल्यावर काकू कपबशा उचलून उंबऱ्यावर येऊन बसली. तिला खुर्चीचं प्रेम नव्हतं, पण खुर्ची गेली तर संडास मागणारं तोंडच जात होतं. दार उतरवलं तर साहेबांच्या शब्दावर वर्षभर थांबायचं, आणि त्या शब्दाची किंमत निळ्या फलकावर दिसतच होती. ठेवलं तर सगळंच जायचं. मला सांगायला संकोच नाही, मी म्हणाले होते, उतरवू या काकू, निदान खुर्ची तरी राहील. काकांनी बैल सोडता सोडता विचारलं, "काय ठरलं?" काकू म्हणाली, "तुमाला काय वाटतं?" काका म्हणाले, "मला हुरडा गोड लागतोय औंदा. बाकी तू बघ."

आमच्याकडे ग्रामसभेची एक रीत होती. सभा वहीत भरायची. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन व्हायचं, पोरांना गोळ्या वाटायच्या, आणि नंतर कोतवाल दगडूबा वही घेऊन घरोघर सह्या-अंगठे आणायचा. पुरुषांचे. बायांचे अंगठे कधी लागले नव्हते, कारण बाया ग्रामसभेत असतात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दवंडी मात्र नेमानं व्हायची, कारण दवंडी झाल्याचं वहीत लिहावं लागे. दगडूबा चारही वेशींत उभा राहून हलगी वाजवायचा आणि पट्टी भरा, डोस पाजा, अमक्याची म्हैस हरवली, असं सगळं एकाच सुरात सांगायचा. त्या सुराला गावात कुणी मान वर करून बघतही नसे.

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी काकूनं दगडूबाला बोलावून दवंडी सांगितली. त्यानं ऐकली, क्षणभर तिच्याकडे बघितलं, म्हणाला, "बराबर हाय, सरपंचबाई," आणि हलगी गळ्यात अडकवून निघाला. मी वाडी-वस्तीपर्यंत त्याच्या मागं गेले. प्रत्येक ठिकाणी त्यानं त्याच सपाट सुरात सांगितलं, "ऐका हो ऐका. उद्या झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा बारवेपाशी भरणार हाय. सरकारनं आपल्या गावात बायांसाठी संडास बांधला हाय. त्यो समद्यांनी मिळून बघायचा हाय. बायांनी तयारीनं यावं हो." आणि या वेळी दारादारांतून माना बाहेर आल्या.

सकाळी काकूनं झेंडा फडकवला. आधीची कितीतरी वर्षं तो पुरुषांच्याच हातानं वर गेला होता. गाठ सुटेना तेव्हा रंगनाथराव पुढं सरसावले, काकूनं त्यांच्याकडे न बघता दोरीला हिसका दिला आणि फुलं तिच्या डोक्यावर पडली. मग सगळे बारवेकडे निघाले. जिल्ह्याचे पाहुणे गाडीतून उतरत होते, साहेब त्यांना माहितीपत्रक देत होते. आणि गल्लीगल्लीतून बाया येऊ लागल्या. नवीन सुना, सासवा, कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्या, काखेत पोर घेतलेल्या. प्रत्येकीच्या हातात पाण्यानं भरलेलं टमरेल होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. 'तयारीनं' म्हणजे काय ते जिचं तिला कळलं होतं. बारवेच्या काठावर त्या ओळीनं उभ्या राहिल्या. पुरुष मागं सरकले.

पार्वताबाई म्हणून आमच्या गल्लीतली एक म्हातारी होती. ती काठी टेकत साहेबांसमोर गेली आणि म्हणाली, "साहेब, कोणीकडं हाय त्यो? जल्दी सांगा बाबा, माझं वय झालं, थांबवत न्हाई."

कुठूनतरी हसण्याची एक लाट आली आणि विरून गेली. साहेब म्हणाले, काही तांत्रिक अडचण झाली असावी, चौकशी करावी लागेल. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ माहितीपत्रक उलटसुलट करून बघत होते. काकूनं ग्रामसेवकाला वही उघडायला लावली.

"लिवा, ग्रामसभेनं समद्या गावात शोधलं."

"पुढं काय लिहू, बाई?" ग्रामसेवक तरुण होता आणि घामाघूम झाला होता.

"तुमाला काय दिसलं?"

"काही नाही."

"मंग तेच लिवा."

त्यानं त्याच्या सरकारी भाषेत लिहिलं, 'महिला स्वच्छतागृह जागेवर आढळले नाही.' काकूनं ती ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली. मग तिनं वही साहेबांपुढं धरली, ते सभेला हजर होते म्हणून त्यांची सही लागत होती. साहेबांनी पेन शोधायला वेळ लावला. बाया टमरेलं घेऊन उभ्याच होत्या. शेवटी साहेबांनी सही केली. त्याखाली त्या दिवशी पहिल्यांदा बायांचे अंगठे लागले, पानं भरून लागले. शाईचा डबा संपला तेव्हा पार्वताबाईनं चुलीतली काजळी आणायला सुनेला पिटाळलं.

पुढं कितीतरी वर्षांनी माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. आता साध्या अर्जावर विचारता येतं, आणि साहेबांना उत्तर द्यावं लागतं किंवा उत्तर न देण्याचं कारण तरी शोधावं लागतं. बँकेत कुणी अर्जाचा नमुना विचारायला आलं की मी हातातलं काम ठेवून समजावून सांगते. माझे साहेब म्हणतात, हे आपलं काम नाही. मी म्हणते, असू द्या. काकूच्या काळात विचारणारा माणूस आगाऊ ठरायचा आणि विचारणारी बाई तर त्याहून. तिच्याकडे कायदा नव्हता. एक हलगी होती आणि गावात काय आहे नि काय नाही ते सांगायची हिंमत होती.

अविश्वास ठराव मात्र आला. तहसीलदार आले, दार लावून सभा झाली, हात वर झाले. काकू बाहेर आली तेव्हा आम्ही चावडीच्या ओट्यावर बसलो होतो. काकांनी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." मग आम्ही तिघं सरळ शेतात गेलो. शेवटची थोडी कणसं उरली होती, पण दाणा टणक झाला होता, चावता चावता दाढा दुखल्या. काकू रडली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, बराच वेळ रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी सगळ्या गावाचा, हात वर केलेल्या प्रत्येक माणसाचा इतका संताप आला की मी हातातलं कणीस निखाऱ्यात फेकून दिलं. आजही त्यांतले काही जण भेटतात, 'काय सुमनताई, कसं काय' म्हणतात. मी बोलते. पण तो हात मला दिसत राहतो.

रंगनाथराव सरपंच झाले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी पत्र्याचं दार उतरवून पंचायतीच्या मागं फेकलं. ग्रामसभेच्या वहीतली ओळ मात्र त्यांना काढता येईना. तिच्यावर साहेबांची सही होती आणि गावभरच्या बायांचे अंगठे होते. काकू आता कुणीच नव्हती, तरी त्या ओळीची नक्कल घेऊन ती भोकरदनला जायची, जालन्याला जायची. माझं लग्न झालं, मी नवीन जालन्यात आले, तेव्हा ती कचेरीचं काम उरकून माझ्याकडे जेवायला यायची. चपला झिजायच्या, ती नव्या घ्यायची. शेवटी कुठल्यातरी टेबलावर 'पूर्ण' हा शिक्का खोडावा लागला. पहिलं काम नव्हतंच असं ठरलं, आणि मगच दुसरं मंजूर झालं.

ते बांधून झालं तेव्हा मी संक्रांतीला माहेरी गेले होते. शेतात हुरडा होता. बारवेपासून थोड्या अंतरावर पांढऱ्या रंगाची छोटी इमारत, ओळीनं लोखंडी दारं, आणि दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी. पाटीवर रंगनाथरावांचं नाव, त्यांच्या अथक प्रयत्नांचा उल्लेख, उद्घाटकांचं नाव. काकूचं नाव कुठंही नव्हतं. मी ते वाचलं आणि माझं पित्त खवळलं. मी म्हणाले, काकू, चल परत, इथं उभं राहायचं नाही. ती म्हणाली, "नाव कुणाचं बी असू दे, सुमे. दाराला आतून कडी हाय का, ते बघायचंय मला."

मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, ध्वनिक्षेपक होता. रंगनाथरावांचं भाषण झालं. नवे साहेब होते, त्यांचंही झालं. पर्यटन, विकास, महिलांचा सन्मान, सगळं बोलून झालं. बाया पायाशी टमरेलं ठेवून उन्हात उभ्या होत्या. पहिल्या दाराला लाल फीत बांधली होती आणि तबकात कात्री ठेवली होती. साहेब कात्री उचलून पुढं निघाले, फोटोवाला पुढं पळाला, रंगनाथरावांनी टोपी नीट केली.

तेवढ्यात काकू गर्दीतून निघाली. हातात टमरेल. कुणाला काही कळायच्या आत ती फितीखालून वाकून आत गेली. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

रंगनाथराव दारापाशी जाऊन म्हणाले, "वहिनी, उद्घाटन व्हायचंय अजून. साहेब थांबलेत."

आतून काकूचा आवाज आला, "थांबू द्या. आमी लई वर्सं थांबलो."

बायांच्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळ्याच हसू लागल्या. आम्ही आपापली टमरेलं उचलून दारांपुढं रांगा लावल्या. साहेब कात्री हातात धरून उभेच राहिले.